घरचं मॅटर

वकिलाला फुकट सल्ला विचारण्याची मुंबईतली सगळ्यात सोयीची जागा म्हणजे लिफ्ट. दार बंद झालं की पळायला वाट नसते, आणि तळमजला येईपर्यंत माणूस सभ्यपणाने ऐकून घेतो. आमची सोसायटी मुलुंड पूर्वेची, इमारत सात मजली, लिफ्ट वयस्कर. सहाव्या मजल्यावरून खाली येईस्तोवर भाडेकराराचा एक प्रश्न, जावयाच्या कंपनीतल्या नोटिशीचा अर्धा प्रश्न आणि "तुम्ही घरच्याच म्हणून विचारते" एवढ्या प्रस्तावनेसह एक घटस्फोट त्यात सहज बसतो. घटस्फोट नेहमी ओळखीतल्या कुणाचा तरी असतो. त्या ओळखीतल्या बाईचा नवरा नेमका विचारणारीच्या नवऱ्याच्याच बँकेत आणि त्याच शाखेत असतो, याकडे मी व्यावसायिक शिस्तीने दुर्लक्ष करते.

याचा मला राग येत नाही, कारण आमच्या धंद्याला दुसरी खिडकीच नाही. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. दारावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. २००८ साली हा नियम जरासा सैल झाला, तेव्हापासून वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं लिहायची मुभा आहे. लग्नाच्या हॉलपासून मूळव्याधीच्या दवाखान्यापर्यंत सगळ्यांचे फलक स्टेशनाबाहेर लागतात, वकिलाचा लागत नाही. माझा फलक म्हणजे लिफ्टमधली मी.

लिफ्टमधला क्रमांक एकचा प्रश्न ठरलेला आहे. "अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स आहे, रजिस्टर करायची गरज नाही ना?" आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की अकरा दिवसांचा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर अटींबद्दल वाद झाल्यावर राहणारा जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. अकरा महिन्यांचा तो आकडा नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या अटीवरून आला आणि लोकांच्या अंगात मुरला. हे सगळं मी चौथ्या ते दुसऱ्या मजल्यादरम्यान सांगून टाकते. समोरचा अत्यंत समाधानाने मान हलवतो, "बरं झालं विचारलं" म्हणतो आणि करार नोंदवत नाही. वर्षभराने तोच माणूस त्याच लिफ्टमध्ये तोच प्रश्न विचारतो. सुरुवातीला मला वाटायचं, याला माझं पटलेलं नाही. तसं नसतं. त्याला कायदा हवा असतो, पण घरात जपून ठेवायला.

मुंबईतला वकील म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फोर्टातली हायकोर्टाची दगडी इमारत येते. १८७८ सालची, गॉथिक, उंच कमानींची. तिथे आम्हीही जातो, पण आमचं बरंचसं आयुष्य मुलुंड, विक्रोळी, कुर्ला, अंधेरी, बोरिवलीच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांत, दिंडोशीच्या दिवाणी व सत्र न्यायालयात आणि बांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात जातं. या यादीचा नकाशा मनात काढून पाहा. मुंबईच्या लोकल उत्तर-दक्षिण धावतात. भांडणं मात्र पूर्व-पश्चिमही होतात. भाऊ मुलुंडला, बहीण मालाडला आणि वडिलांचं घर गोरेगावात, असा दावा लागला की वकिलाला सह्याद्री ओलांडल्यागत वाटतं. ८ जून २०१४ ला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली, त्याआधी मी दिंडोशीला जायला आधी दक्षिणेला दादरपर्यंत उतरायची आणि मग पुन्हा उत्तरेला चढायची. आता घाटकोपरला मेट्रो, पुढे हायवेपाशी गुंदवलीला दुसरी मेट्रो, की थेट दिंडोशी स्टेशन. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून बोगदा काढून गोरेगाव-मुलुंड रस्ताही होतो आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो हुतात्मा चौकापर्यंत जाते, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात खुद्द हायकोर्टाच्या नव्या संकुलाची बांद्रा पूर्वेला पायाभरणी झाली. म्हणजे हायकोर्ट उपनगरात येणार. बांधून होईल तेव्हा माझ्या गुडघ्यांना त्याचा कितपत उपयोग असेल ते आत्ता सांगता येत नाही, पण ज्युनिअर मुलींसाठी मला खरोखर आनंद झाला.

या प्रवासात काळ्या कोटाचं करायचं काय, हा प्रश्न कायद्याच्या कॉलेजात शिकवत नाहीत. नियम सांगतो की उन्हाळ्यात सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून इतरत्र काळा कोट सक्तीचा नाही. गळ्यातला पांढरा बँड आणि गाऊन तर कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालूच नये. पण एका हातात फायली, दुसऱ्या हातात डबा, खांद्यावर पर्स असताना कोट अंगात ठेवणं हीच त्याची सगळ्यात सोपी घडी असते. लेडीज फर्स्टक्लासमध्ये मी कोट घालून चढले की दोन-चार बायका न मागता मोबाइलवर पास उघडतात. दारापाशी उभी असलेली एखादी कॉलेजकन्यका पुढच्याच स्टेशनला काही आठवल्यासारखी उतरते. मी टीसी नाही हे ओरडून सांगावंसं वाटतं, पण इतका निखळ दरारा मला कुठल्याही कोर्टात कधी मिळालेला नाही, तेव्हा गप्प बसते.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ चा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. त्यात गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली सरकारी वकीलबाई कोर्टात कलमांवर कलमं वाचते आणि मग लोकलने घरी जाऊन कुटुंबाचा स्वयंपाक करते. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, परदेशात कौतुक झालं, समीक्षकांनी व्यवस्थेच्या कोरडेपणाबद्दल बरंच लिहिलं. आम्ही बार रूममधल्या बायकांनी मात्र एकमेकींना सांगितलं, बघ गं, आपल्या लोकलवर सिनेमा निघालाय. त्या बाईचा राग यावा अशी दिग्दर्शकाची इच्छा असेल तर आमच्यापुरती ती साफ फसली. दिवसभर कुणाच्या तरी वीस वर्षांच्या शिक्षेबद्दल बोलून संध्याकाळी कुकर लावणं यात कोरडेपणा किती आणि नाइलाज किती, हे कुकर लावणाऱ्यालाच ठाऊक.

बाकी वकिलीचं काम म्हणजे मुख्यत्वे थांबणं. मालिका-सिनेमांत वकील बोलत असतात. प्रत्यक्षात अकरा वाजता कोर्टहॉलच्या मागच्या बाकावर बसायचं, बोर्डावर आपला नंबर किती ते पाहायचं, पुकारा होईल तेव्हा आपण नेमके पाणी प्यायला गेलेले नसू अशी काळजी घ्यायची. समोरच्या पक्षाचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला असतो, त्याचा ज्युनिअर येऊन "कीप बॅक" मागतो. दुपारी दोनपर्यंत साक्षीदार येतो, तर साक्षीदाराचं आधारकार्ड घरी राहिलेलं असतं. कधी हॉलच्या दारावर छोटा कागद असतो, साहेब आज रजेवर. मग सगळ्यांना तारीख. 'दामिनी' १९९३ साली आला, त्यातलं सनी देओलचं तारखांवरचं भाषण तेव्हापासून प्रत्येक नव्या पक्षकाराने मला एकदा ऐकवलेलं आहे, तेही ते आपल्यालाच सुचल्याच्या आविर्भावात.

कायदा वाचला तर मात्र ही तक्रार करायला जागाच नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता म्हणते, एका पक्षाला दाव्याच्या सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत. चेक वटला नाही की चेकच्या कायद्यातलं कलम १३८ लागतं. ते १९८८ च्या दुरुस्तीने आलं आणि १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस, न दिल्यास पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. सगळं कसं घड्याळाच्या काट्यावर. खटला तक्रार दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा, असंही त्याच कायद्यात लिहिलं आहे. घाटकोपरचे एक होलसेलवाले शेठ हे कुठूनसं वाचून आले होते. "बेन, सहा महिन्यात होऊन जाएल ना?" मी म्हटलं, प्रयत्न करावा असं लिहिलंय. शेठ व्यापारी माणूस. 'प्रयत्न' या शब्दाचा बाजारभाव त्यांना ठाऊक होता. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही, फक्त दर तारखेला येताना सगळ्यांना पुरतील इतके खाकरे आणू लागले. हळूहळू समोरच्या पार्टीचा वकीलही ते खाऊ लागला. शेवटी तडजोड झाली. ती मी घडवली असं शेठ मानतात. माझ्या मते त्यातला अर्धा वाटा मेथीच्या खाकऱ्यांचा आहे.

या बाकावर माणसं जशी दिसतात तशी दुसरीकडे कुठे दिसत नाहीत. घटस्फोट मागणारं जोडपं आठवड्यातून एकदा भेटतं तेव्हा दोघं दोन टोकांना बसतात, आणि बाहेर धो धो पाऊस असला की तो विचारतो, "छत्री आणलीस का?" हे रेकॉर्डवर येत नाही. रोजनाम्यात लिहिलं जातं, उभय पक्ष हजर, समुपदेशनासाठी पुढील तारीख. माझ्या डायरीतही तेवढंच. वकिलाची डायरी तुम्ही उघडून पाहिली नसेल तर सांगते, ती दोन बायकांनी मिळून लिहिल्यासारखी असते. वर 'दिंडोशी, उलटतपास, कोर्टरूम बदललेली'. खाली 'गॅस बुक'. त्याखाली 'से दाखल करणे, शेवटची संधी'. त्याच्याही खाली 'ओपन हाऊस, दहा वाजता, चुकवायचं नाही', 'नाही'खाली दोन रेघा. शाळेच्या ओपन हाऊसला मात्र मुदतवाढीचा अर्ज चालत नाही, ज्युनिअरला पाठवून तारीखही घेता येत नाही. बाईंनी बोलावलं की समक्षच हजर राहावं लागतं.

घरात या पेशाचा उपयोग शून्य. उलटतपासात सूचक प्रश्न विचारता येतात, सरतपासात येत नाहीत. नववीतल्या मुलीशी बोलताना मी हा भेद पाळायचा प्रयत्न करते. "गणिताचा पेपर कसा गेला?" हा सरतपासाचा प्रश्न. त्याला "बरा" एवढंच उत्तर येतं. "गणिताचा पेपर वाईट गेला ना?" हा सूचक. त्यावर ती म्हणते, "आई, तू कोटात नाहीयेस." हरकत मंजूर.

मध्यंतरी तर आम्हा सगळ्यांनाच नव्याने शाळेत बसावं लागलं. १ जुलै २०२४ ला १८६० ची भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. ४२० हा आकडा कायद्याबाहेर पडून 'श्री ४२०' पर्यंत आणि तिथून शिवीपर्यंत पोचलेला, त्या फसवणुकीला आता ३१८ चं पोटकलम ४ म्हणायचं. खुनाचं ३०२ होतं, ते १०३ झालं. सगळ्यात मजा १४४ ची. शहरात कुठे दंगल झाली की '१४४ लागू' हे पोरांनाही माहीत असायचं. तो जमावबंदीचा अधिकार आता नव्या प्रक्रिया संहितेत १६३ खाली गेला आणि १४४ वर येऊन बसलं ते बायको-मुलं-आईवडिलांच्या पोटगीचं कलम. म्हणजे यापुढे कुणाच्या घरात १४४ लागलं तर पाचाहून जास्त माणसं जमायला हरकत नाही, पैसे तेवढे वेळेवर द्यायचे. जुन्या तारखेचे गुन्हे जुन्याच कलमांनी चालतात, त्यामुळे डोक्यात दोन्ही आकडे ठेवावे लागतात. आमचे एक सिनिअर, सत्तरी ओलांडलेले, खिशात एक हाताने लिहिलेला तक्ता ठेवतात. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. परवा बार रूममध्ये म्हणाले, मी एवढी वर्षं पाठ केलेलं एका रात्रीत इतिहासजमा झालं, आता मला रिटायर व्हायला कुणी अडवू नका. दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला हजर होते.

पैशाबद्दलही सांगायला हवं, कारण लिफ्टमध्ये ते कुणी विचारत नाही. निकालावर फी ठरवणं नियमाने बंद आहे, त्यामुळे "जिंकलो की तुमचे दहा टक्के" म्हणणाऱ्याला हात जोडावे लागतात. उरतात ते तारखेगणिक पैसे, किंवा एकरकमी ठरवलेले आणि सुट्या सुट्या आठवणींतून मिळणारे. केस चालू असताना वकील घरच्या माणसासारखा असतो. केस संपली की त्याचं तोंड पाहिल्यावर लोकांना ते सगळं पुन्हा आठवतं, त्यात फीही आठवते, आणि कोण कशाला आठवणी काढत बसेल. दुसऱ्याच्या थकलेल्या पैशासाठी मी पंधरा दिवसांची मुदत घालून अशी कडक नोटीस लिहिते की वाचणाऱ्याच्या हाताला घाम सुटावा. माझ्या स्वतःच्या थकलेल्या फीसाठी मी मेसेज लिहिते, "नमस्कार, सवड झाली की बघाल का? घाई नाही." आणि पुढे हात जोडलेलं चित्र. ज्युनिअर म्हणते, मॅडम, निदान 'घाई नाही' तरी काढा. तिचं बरोबर आहे. शहरातल्या ज्युनिअरला महिना किमान वीस हजार द्यावेत अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली आहे, आणि ती शिफारस तिला शब्दशः पाठ आहे.

आता सोसायटी. उपनगरातल्या वकिलाची खरी परीक्षा कोर्टात होत नाही, सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत होते. तिथे विषयपत्रिकेवर हिशेबांना मंजुरी असते आणि मनात पार्किंग असतं. पार्किंग हा विषय हलका समजू नका. दहिसर पूर्वेला पांचाली नावाची सोसायटी आहे. तिथल्या इमारतीखालच्या खांबांमधल्या, म्हणजे स्टिल्टमधल्या पंचवीस पार्किंगच्या जागांवरून बिल्डर आणि सोसायटी यांच्यात वाद झाला. बिल्डरचं म्हणणं, या जागा मी स्वतंत्रपणे विकू शकतो. सोसायटीचं म्हणणं, त्या आमच्या. प्रकरण सिटी सिव्हिल कोर्टातून हायकोर्टात गेलं, हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात, आणि ३१ ऑगस्ट २०१० ला न्यायमूर्ती लोढा आणि न्यायमूर्ती पटनाईक यांनी त्याचा निकाल दिला. दहिसरच्या खांबांमधली जागा १९६३ च्या मोफा कायद्याखाली 'फ्लॅट' ठरते का, 'गॅरेज' ठरते का, यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पानंच्या पानं विचार केला. ठरलं असं की ती फ्लॅट नाही आणि गॅरेजही नाही, ती सामाईक जागा आहे, बिल्डरला वेगळी विकता येणार नाही. मला हा निकाल फार आवडतो. कुणाच्या घरी मूल झालं, कुणाकडे दुसरी गाडी आली, कुणाच्या स्कूटरला ओरखडा पडला, अशा जगण्याच्या गोष्टी दिल्लीपर्यंत पोचल्याचा तो पुरावा वाटतो. पुढे २०१६ च्या रेरा कायद्याने गॅरेजची व्याख्याच करून टाकली, वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. आमच्या सभेत हे सांगितलं तेव्हा एक सभासद उठून म्हणाले, "मॅडम, मी तीन बाजूंना भिंती बांधून घेतो, मग तर माझं?" दोघांनी टाळ्या वाजवल्या. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब.

एवढं सगळं ज्ञान असलेल्या माझ्या स्वतःच्या घराच्या दिवाणखान्यात, बाथरूमच्या भिंतीलगत, छताला ओल आहे. गेल्या पावसाळ्यात ती हुबेहूब महाराष्ट्राच्या नकाशासारखी दिसायची, आता विदर्भ वेगळा झाला आहे. वर सातव्या मजल्यावर एक काका एकटे राहतात. पाणी त्यांच्या बाथरूममधून येतं, हे प्लंबरने दोनदा आणि भिंतीने रोज सांगितलेलं आहे.

उपाय मला तोंडपाठ आहेत. गच्चीतून पाणी आलं तर दुरुस्ती सोसायटीची. एका फ्लॅटच्या संडास-बाथरूममधून दुसऱ्यात आलं तर ती त्या सभासदाची, स्वखर्चाने. उपविधी अगदी स्पष्ट आहेत. आधी सेक्रेटरींना पत्र, मग टी विभागाच्या उपनिबंधकांकडे तक्रार, मग सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात वाद, सोबत अंतरिम आदेशाचा अर्ज. छायाचित्रं, वास्तुविशारदाचा अहवाल, प्लंबरचं प्रतिज्ञापत्र. अशी मॅटर मी दुसऱ्यांसाठी चालवली आहेत, जिंकलीही आहेत. नवरा दर जूनमध्ये म्हणतो, "अगं, घरचा वकील असून आपण बादली ठेवायची? एक नोटीस ठोक." मी म्हणते, बघते. लिफ्टमधल्या त्या माणसासारखंच, अगदी त्याच सुरात.

कारण नोटीस गेली की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. पहिल्या आठवड्यात लिफ्टमधलं बोलणं थांबतं. दुसऱ्या आठवड्यात तुमच्या बाल्कनीतल्या कुंड्यांबद्दल उलट तक्रार येते. महिन्याभरात इमारतीचे दोन पक्ष होतात, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या दोन रंगांच्या छापल्या जातात. तुमचं छत कोरडं होईपर्यंत जिन्यात कुणी कुणाला ओळखत नाही. अशा सोसायट्यांच्या फायली माझ्या कपाटात आहेत, जाड, लाल फितीच्या. आणि दुसरं असं की २६ जुलै २००५ ला, नुकतं लग्न झालेलं असताना, मी कुर्ल्याला अडकले होते. त्या रात्री घरात सासूबाई एकट्या, वीज नाही, फोन नाही. या काकांनी आणि काकूंनी त्यांना वर नेलं, पिठलं-भाकरी खायला घातली आणि मी दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलाने माखून आले तोवर सोबत केली. काकू आता नाहीत. वरून आमच्याकडे पाणी येतं हे खरं, पण तेव्हा पिठलंही वरूनच आलं होतं. हा मुद्दा सहकार न्यायालयात मांडता येत नाही. तिथे विचारतील, पिठल्याची पावती आहे का?

तर मागच्या रविवारी संध्याकाळी हे काका आमच्या दाराशी. हातात प्लॅस्टिकची फाइल, इस्त्रीचा सदरा. "वकीलबाई, मृत्युपत्र करायचं म्हणतो. लिफ्टमध्ये विचारणार होतो, पण म्हटलं हे जरा मोठं काम." मी बसा म्हटलं. ते नेमके ओलीच्या खाली असलेल्या खुर्चीत बसले. मी त्यांना सगळं सांगितलं. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. सही दोन साक्षीदारांसमोर हवी आणि त्यांच्याही सह्या. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. चहा आला, काकांनी तो बशीत ओतून प्यायला. फ्लॅट मुलगा आणि मुलगी दोघांना सारखा, असं त्यांचं ठरलेलं होतं. मुलगा कॅनडात, मुलगी पुण्यात, दोघांचं आपसात बरं आहे, तरी कुणीतरी मध्ये हवं.

बोलता बोलता त्यांची नजर वर गेली. बराच वेळ तिथेच राहिली. मला वाटलं, आता काही न बोलता सगळं उलगडणार. काका म्हणाले, "हे काय हो? केवढी ओल ही! तुम्ही वकील असून सोसायटीकडे तक्रार केली नाहीत?"

मी म्हटलं, "करायचीय, काका."

"तेच तर. आपण गप्प बसतो म्हणून कमिटीचं फावतं." त्यांनी खुर्ची जराशी बाजूला घेतली. "बरं, ते एक्झिक्युटर की काय लागतो ना, तिथे तुमचंच नाव घाला. माझ्यामागे फ्लॅटची देखभाल, दुरुस्ती, मुलांना ताबा देईपर्यंत सगळं तुमच्याकडे. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

मी लॅपटॉप उघडला आणि टाइप करू लागले. 'माझ्या पश्चात सदर सदनिकेची देखभाल व दुरुस्ती.' माझी बोटं 'दुरुस्ती'पाशी थांबली असावीत, कारण काकांनी मला धीर दिला.

"दुरुस्तीचं तसं काही निघणार नाही म्हणा," ते म्हणाले. "आमच्याकडे कुठ्ठेच गळत नाही."